खरं कोणाचं मानू: एडीएचडी की ऑटिझम?

ताई, नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. आम्ही त्रिमूर्ती नगरात राहतो. शाळेतून रोज एक तरी तक्रार येते. जागेवर बसत नाही, मधेच बोलते, हाक मारली तर ओ देत नाही, वही अर्धी कोरी. डब्यात भाजीचा रस पोळीला लागला तर डबा तसाच परत येतो. घरी कूलर सुरू केला की कान दाबून दुसऱ्या खोलीत जाते. शाळेतून आली की कधीकधी तासभर रडते, कारण सांगत नाही. पण मेट्रोचा विषय निघू द्या! लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंतची सगळी स्टेशनं सुलटी आणि उलटी म्हणून दाखवते. समोरचा कंटाळला हे तिला कळत नाही. तीन वर्षं झाली, विषय तोच. एका डॉक्टरांनी दहा मिनिटांत एडीएचडी सांगून गोळी लिहून दिली. दुसऱ्या मॅडमनी दोनदा बसवून ऑटिझम म्हटलं. मिस्टर म्हणतात, दोघांनाही काही कळत नाही, गोळी द्यायची नाही. सासूबाई म्हणतात, “काही झालं नाही पोरीले, तिचा बापही असाच होता,” आणि लगेच मोबाइलला शिव्या देतात. मी नोकरी करते, हेही त्यात येतंच. शाळा म्हणते, दुसरी शाळा बघा. खरं कोणाचं मानू? गोळी सुरू करू का? आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सगळे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला जातात, हिला न्यायचं की नाही यावरूनही घरात वाद आहे.
– एक आई, नागपूर

ताई,

दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. तुमचं मन राखायला म्हणत नाही. एकाच मुलात एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं जड जाणं) आणि ऑटिझम (इतरांशी संवाद जड जाणं, ठरावीक गोष्टींची ओढ) दोन्ही असणं यात नवलाचं काही नाही. बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर ऑटिझम असलेल्या दहा मुलांपैकी साधारण चौघांत एडीएचडीही निदान करण्याइतका ठळक सापडतो. तरीही ‘हे की ते’ हा प्रश्न घरोघरी पडतो, आणि त्याला थोडा आमच्या क्षेत्राचा इतिहास जबाबदार आहे. मानसोपचारात जी अमेरिकन नियमावली वापरतात, डीएसएम, तिच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे ऑटिझम असेल तर एडीएचडीचं वेगळं निदान करायचं नसे. ही अट २०१३ साली पाचव्या आवृत्तीत निघाली. जागतिक आरोग्य संघटनेचं जुनं वर्गीकरणही दोन्ही वेगळे ठेवत असे. नवं वर्गीकरण, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू झालं आणि त्यात दोन्ही निदानं एकत्र देता येतात. म्हणजे आज दवाखाना चालवणाऱ्या कितीतरी डॉक्टरांचं शिक्षण दोघांतलं एकच निवडायचं या नियमाखाली झालं आहे. ती सवय मोडायला वेळ लागतो.

शिवाय दोघांनी तुमची लेक वेगवेगळ्या परिस्थितीत पाहिली. गर्दीत ताटकळून आत गेलेलं मूल दहा मिनिटांत काय दाखवणार? चुळबुळ. याउलट एडीएचडी असलेली बरीच मुलं शांत खोलीत, एकट्या मोठ्या माणसासमोर, हाताला नव्या वस्तू असताना छान बसतात. म्हणून मॅडमना चंचलपणा कमी आणि संवादातली अडचण जास्त दिसली असेल. एडीएचडीचं निदान करताना लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत, म्हणजे घरी आणि शाळेत, ती सहा महिने तरी टिकलेली असली पाहिजेत आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असली पाहिजेत, अशा अटी आहेत त्या यासाठीच. शाळेला एक शब्द न विचारता गोळी लिहून देणं मला पटत नाही. निदान चुकलंच असं मी म्हणत नाही, पण ते अजून पक्कं झालेलं नाही.

आता मला तुमच्या प्रश्नाचं तोंडच थोडं वळवायचं आहे. ‘तिला काय झालंय’ हे ठरायला काही महिने लागतील. तोवर रोजचा दिवस तर काढायचा आहे. त्यासाठी प्रत्येक वागण्यामागे ‘हे आत्ता का झालं’ एवढंच विचारायला लागा. वरून अगदी सारखं दिसणारं वागणं दोन वेगळ्या कारणांनी येतं, आणि कारण वेगळं तर उपायही वेगळा. तुमच्याच पत्रातल्या गोष्टी घेते.

हाक मारली तर ओ देत नाही. सगळ्यात आधी, कानांची तपासणी झाली आहे का? पत्रात उल्लेख नाही. बाकी कुठलीही चाचणी करण्याआधी ऑडिओमेट्री करून घ्या. कानात पाणी साठून ऐकू कमी येणारी मुलं वर्गात ‘लक्ष नसणारी’ म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खातात. काही मुलांना अगदी काही सेकंदांचे, झटका न येणारे फिट्स येतात. मूल शून्यात बघतं, हलवलं तरी भानावर येत नाही आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे बोलू लागतं. असं कधी दिसलं असेल तर तो व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. हे दोन्ही नसेल तर बघायचं असं: खांद्यावर हात ठेवून, समोर जाऊन हाक मारल्यावर ती लगेच तुमच्याकडे वळते आणि “काय?” म्हणते का? तसं असेल तर बहुधा लक्ष दुसरीकडे होतं. समोर जाऊनही तिची नजर तुमच्याकडे येत नसेल, आणि हे अगदी दोन वर्षांची असल्यापासून असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि मॅडमना ती सांगायला हवी.

मधेच बोलणं. यात मला दोन मुली डोळ्यांसमोर येतात. एकीला ठाऊक असतं की समोरचा बोलतोय, पण आत्ता नाही बोलले तर डोक्यातलं वाक्य निसटेल म्हणून ती घुसते. मग जीभ चावते, “सॉरी, तू बोल” म्हणते, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच. दुसरीला समोरच्याचं बोलणं संपलं कधी आणि आपली पाळी आली कधी, हेच उमगत नाही. आवाज खाली येणं, श्वास घेणं, नजर वळवणं या खुणा बाकीच्यांना न शिकवता कळतात, तिला कळत नाहीत. पहिलीला “थांब, बोट वर कर, मी तुझ्याकडे येते” एवढी खूण पुरते. दुसरीला ते नियम बसून, उदाहरणं देऊन शिकवावे लागतात. रागावून दोघींपैकी कोणीच शिकत नाही.

मेट्रोवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात बोलका भाग तोच आहे. “लक्ष नाही म्हणता, मग मेट्रोत एवढं लक्ष कसं?” असा प्रश्न शाळेनेही विचारला असेल. एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिकडे वळवता येत नाही, हवं तेव्हा काढून घेता येत नाही. आवडत्या गोष्टीत ती मुलंही तासन्‌तास बुडतात. पण त्यांचा विषय सहसा टिकत नाही. या महिन्यात स्लाइम, पुढच्या महिन्यात सायकल, मग कॅरम, आणि जुन्या सामानाचं पोतं माळ्यावर. तीन-तीन वर्षं एकच विषय, त्यातही प्रवासाच्या मजेपेक्षा क्रम, नावं, तपशील, आणि मन थाऱ्यावर नसलं की पुन्हा तीच स्टेशनं म्हणणं, हे ऑटिझमकडे जास्त झुकतं. तुम्ही एक करून बघा. ती स्टेशनं म्हणत असताना मुद्दाम एक चुकीचं सांगा, झाँशी राणी चौकाच्या जागी भलतंच. ती हसली, तुमची गंमत पकडली, “आई, उगाच करतेस ना!” म्हणाली, की तिला ते सहन झालं नाही आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हणावं लागलं? आणि ती कधी तुम्हाला विचारते का, की तुला कोणतं स्टेशन आवडतं? एवढ्यावरून निदान होत नाही, पण तपासणाऱ्या मॅडमना अशाच बारीक गोष्टी हव्या असतात. आणि हो, मेट्रो सोडवायचा प्रयत्न करू नका. गणित शिकवायला याहून चांगलं साहित्य कुठे मिळणार? तिकिटाचे पैसे, दोन स्टेशनांमधला वेळ, सीताबर्डीला गाडी बदलली तर किती उशीर. सगळं त्यात आहे.

कूलरचा आवाज आणि डब्यातला रस या गोष्टी मात्र एडीएचडीच्या निकषांत बसत नाहीत. आवाज, वास, स्पर्श, चव यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे २०१३ पासून ऑटिझमच्या निकषांत आहे. एडीएचडी असलेल्या मुलांनाही असा त्रास होतो, हे खरं. पण पोळीला रस लागला म्हणून उपाशी राहणं नखऱ्यात मोजू नका. कप्प्यांचा डबा घ्या, भाजी कोरडी द्या, प्रश्न उद्यापासून संपला. “सवय लागली पाहिजे” हा हट्ट डब्यावर चालवू नका, तो सुट्टीच्या दिवशी घरी, एकेका घासाने. कूलरचं म्हणाल तर नागपुरात तो बंद ठेवून कसं चालेल? पंपाची घरघर, ओल्या खसचा वास आणि अंगावर येणारा झोत, या तिघांतलं नेमकं काय नको, तिलाच विचारा. तिचं अंथरूण झोतापासून बाजूला हलवल्यावर भागलं तर उत्तमच.

शाळेतून आल्यावरचं रडणं. इथे मी एडीएचडीतला राग आणि हे रडणं वेगळं काढते. एडीएचडीतला भडका बहुधा कुठल्यातरी ‘नाही’वर उडतो आणि लवकर विझतो, दहा मिनिटांनी मूल खेळायला पळतं, तुम्ही मात्र दुखावून बसलेल्या असता. कारण न सांगता, तासभर, दमून जाईपर्यंतचं रडणं हे दिवसभर साठलेलं असतं. काही मुलं, त्यातही मुली, शाळेत इतर मुलींचं बघून बघून वागतात. कोण हसलं की हसायचं, कोण उठलं की उठायचं. दिवसभर हे करून त्या थकतात आणि जिथे सुरक्षित वाटतं तिथे, म्हणजे आईपुढे, सगळं सुटतं. त्या वेळी “काय झालं, कोणी मारलं, बाईंनी काय म्हटलं” ही चौकशी नको. चहा-दूध, आवडती चादर, कमी उजेड, आणि अर्धा-पाऊण तास कोणी काही विचारायचं नाही. बोलायचं असेल तर ती रात्री झोपताना बोलेल.

कोऱ्या वहीबद्दल मी घाई करणार नाही. लक्ष उडालं म्हणून कोरी, की एक अक्षर वाकडं आलं म्हणून खोडत बसली आणि बाकीचं राहिलं, की लिहायला-वाचायलाच जड जातं? यातलं तिसरं असेल तर ते अध्ययन अक्षमतेत मोडतं, तेही या दोघांच्या जोडीला बऱ्याचदा असतं, आणि त्याची चाचणी वेगळी असते. चौथी हे त्या चाचणीसाठी योग्य वय आहे, तेवढं मात्र टाळू नका.

आता दोन्ही एकत्र असतील तर काय होतं, ते सांगते, कारण यावर कोणी फारसं बोलत नाही. एक दुसऱ्याला झाकतं. एवढी बोलकी, कोणाशीही जाऊन बोलणारी पोरगी, ती ऑटिस्टिक कशी असेल, असं लोकांना वाटतं. तिचा उतावळेपणा तिच्या संवादातली अडचण लपवतो. आणि उलटही होतं. ठरलेल्या क्रमाची ओढ असल्यामुळे काही मुलं दप्तर, वेळ, वस्तू एवढ्या नेटाने सांभाळतात की विसराळूपणा दिसतच नाही, दिसतो तो फक्त ताण. मुलींचं निदान मुलांपेक्षा उशिरा होतं, त्यामागे हेही एक कारण आहे. आत मात्र ओढाताण चालू असते. तिला सगळं रोजच्यासारखंच हवं असतं आणि रोजच्यासारखं ठेवणं तिलाच जमत नाही. पेन्सिल ठरलेल्या खणातच हवी, पण हरवते तीच. मैत्रीण हवी असते, म्हणून ती धावत जाते, आणि तिथे पोचल्यावर पुढे काय करायचं हे कळत नाही.

उपायांचंही असंच एकमेकांत अडतं. एडीएचडीवर सल्ला देणारे सांगतात, अभ्यासात बदल ठेवा, बक्षिसं बदलत राहा, नाहीतर मूल कंटाळतं. ऑटिझमवर सल्ला देणारे सांगतात, काही बदलू नका, सगळं आधी सांगा. दोन्ही यादी भिंतीला चिकटवून आई वेडी व्हायची. माझा अनुभव असा, की चौकट पक्की ठेवायची आणि आतला मजकूर मोकळा. जागा तीच, वेळ तीच, आल्यावर आधी विसावा मग अभ्यास हा क्रम तोच. पण पहिलं मराठी की गणित, हे चिठ्ठी उचलून तिनेच ठरवायचं. अभ्यास दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत, मधे उड्या किंवा जिन्याची एक चक्कर. वेळ मोजायला घंटी वाजवणारा गजर नको, आवाजाने दचकते तर वाळूचं घड्याळ आणा. चांगल्या वागण्याला तारा देणारा तक्ता लावलात आणि एका ताऱ्यावरून घरात महाभारत झालं, तर तक्ता काढून टाका, काही बिघडत नाही. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते तेव्हा आपल्याकडे बहुतेक मुलं खूश असतात, तुमच्याकडे कदाचित दोन आठवडे रडारड होत असेल. तो बदल आधी आठवडाभर कॅलेंडरवर खुणा करून दाखवा, उठण्याची वेळ रोज थोडी लवकर करा.

मारबतीचं उत्तर यातच आलं. काळी-पिवळी मारबत ज्या गल्ल्यांतून जाते तिथली गर्दी, ढोल आणि ढकलाढकली मोठ्या माणसालाही झेपत नाही. तिला बघायची इच्छा असेल तर इतवारी-महाल भागात ओळखीच्या कोणाची गॅलरी गाठा, कानाला आवाज कमी करणारे हेडफोन लावा, आणि “निघू या” म्हणाली की कुठलाही वाद न घालता निघायचं, हे आधीच ठरवा. इच्छा नसेल तर घरी कोणीतरी तिच्यासोबत राहा. तिची हौस कदाचित संध्याकाळी आपल्याच गल्लीत लाकडी बैल सजवून नेण्यात असेल. तान्हा पोळा मुलांचाच सण आहे.

आता गोळी. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण अशा वेळी बहुतेक मिथाइलफेनिडेट असतं. ते एडीएचडीवर काम करतं. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर कुठलंच औषध नाही. म्हणून ‘ऑटिझमची गोळी’ असं कोणी विकत असेल तर उठून या. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्यांकडे तर फिरकूही नका, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्येच त्या उपचाराच्या विरोधात मत दिलं आहे. मिथाइलफेनिडेटचं मात्र मी समर्थन करते, एडीएचडी पक्का झाला असेल तर. फक्त नुसता एडीएचडी असलेल्या मुलांत ते जेवढ्या जणांना लागू पडतं, तेवढं ऑटिझम जोडीला असताना पडत नाही. ऑटिझमच्या गटातल्या चंचल मुलांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली होती, २००५ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात साधारण निम्म्या मुलांना, ४९ टक्क्यांना, फायदा झाला आणि १८ टक्क्यांना त्रासामुळे औषध सोडावं लागलं. म्हणजे नाकारण्यासारखं नाही, पण कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवायचं. सुरू करण्याआधी वजन, उंची, नाडी, रक्तदाब यांची नोंद हवी आणि घरात कोणाला तरुणपणी हृदयाचा त्रास किंवा अचानक मृत्यू झाला असेल तर ते सांगायला हवं. हे औषध भूक मारतं, झोप लांबवतं. तुमची लेक आधीच मोजकं खाते, म्हणून नाश्ता झाल्यावर गोळी, आणि वजनावर दर महिन्याला नजर. ती शांत बसते पण गप्प-गप्प झाली, जास्त रडू लागली, नखं कुरतडू लागली, तर “बाईंची तक्रार तर थांबली” म्हणून चालवून घेऊ नका. डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं, ॲटोमॉक्सेटिनसारखे दुसरे पर्याय आहेत. आत्ता लगेच सुरू करू का म्हणाल, तर शाळेकडून माहिती घेऊन निदान पक्कं होईपर्यंत थांबा. त्याने नुकसान होत नाही.

ते पक्कं करायला नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. रांग लागते, पण मूल दोघांनीही बघणं हे इथे महत्त्वाचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि ऑटिझम, एडीएचडी दोन्ही त्याच्या यादीत आहेत. जाताना निव्वळ तक्रारी नेऊ नका. एक आठवडा वहीत लिहा: कुठे होती, त्याआधी काय झालं, तिने काय केलं, मग काय झालं. चांगल्या वेळाही लिहा. शाळेच्या वह्या न्या. आणि जुन्या फोनमधले दीड ते तीन वर्षांच्या वयातले व्हिडिओ शोधा, कोणाचं बारसं, वाढदिवस, काहीही. त्यात ती बोटाने काही दाखवून तुमच्याकडे बघते का, खोटा-खोटा स्वयंपाक करते का, हाकेला वळते का, हे तज्ज्ञाला दिसतं. आईची आठवण धूसर होते, आणि सासूबाईंची तर पोरगी पहिल्या दिवसापासून गुणीच असते.

शाळेबद्दल. “दुसरी शाळा बघा” हे त्यांना इतक्या सहज म्हणता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि सरकारमान्य शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता सामावून घ्यायचं आहे. मात्र त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून नेमकं निदान कागदावर असणं इथे उपयोगी पडतं, दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठीही. ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे आयसा नावाची ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात. ते पुढचं. आत्ता भांडायला जाऊ नका, वर्गशिक्षिकेला एक पान लिहून द्या. तिला काय झालंय यापेक्षा काय केलं की जमतं ते लिहा: खडखडणाऱ्या पंख्याखाली बसवू नका, एका वेळी एकच सूचना द्या, वर्गाचा क्रम बदलणार असेल तर सकाळीच सांगा, खडू आणायला, वह्या वाटायला तिला पाठवा. आणि एक गोष्ट ठासून सांगा, शिक्षा म्हणून मधली सुट्टी काढून घ्यायची नाही. जिला हलल्याशिवाय जमत नाही तिचं हलणंच बंद करायचं, यात कुठलं शहाणपण आहे?

मोबाइलने ऑटिझम होत नाही, एडीएचडीही होत नाही. जास्त स्क्रीनने झोप बिघडते, चिडचिड वाढते, म्हणून तो कमी करा, पण ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचं कुठलंही निदान डीएसएममध्ये नाही आणि आयसीडीतही नाही. तुमच्या नोकरीचं तर नावच काढू नका. एके काळी पाश्चात्त्य डॉक्टर ऑटिझमचं खापर आईच्या कोरडेपणावर फोडायचे, त्याला अर्धं शतक उलटून गेलं, ते केव्हाच निकालात निघालं. फारच जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फिरवा, मराठीत बोलता येतं. तो आयांसाठीही आहे.

सासूबाईंचं पहिलं वाक्य मात्र मी गंभीरपणे घेतलं. “तिचा बापही असाच होता.” जुळ्या मुलांच्या अभ्यासांत दोन्हींमधला अनुवंशाचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के दिसतो, आणि दोघांची काही जनुकं सामाईक आहेत. मिस्टर लहानपणी असेच असतील, मार खाऊन, शाळेच्या शिक्षा भोगून, कसेबसे मार्गाला लागले असतील, तर “डॉक्टरांना काही कळत नाही” या त्यांच्या म्हणण्यात “मलाही काही झालेलं नव्हतं” हे दडलेलं असू शकतं. त्यांच्यावर निदान लादू नका. फक्त विचारा, चौथीत असताना तुम्हाला काय जड जायचं, आणि तेव्हा कोणी काय केलं असतं तर बरं झालं असतं? ते बोलले तर लेकीला समजून घ्यायला त्यांच्याइतकं जवळचं माणूस घरात दुसरं नाही, आणि ती उत्तरं डॉक्टरांनाही हवीच असतात. नाही बोलले तर विषय तिथेच सोडा. पण गोळीचा निर्णय घ्यायच्या दिवशी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. त्यांच्या शंका त्यांनाच विचारू द्या, तुम्ही मधे निरोप पोचवत बसू नका.